नेम आणि रिकामी जागा

आधी नीट बसा. भिंतीला पाठ टेकलीत तरी चालेल, बाहेर ओट्यावर बसलात तरी चालेल. अणदूरमध्ये सोलापूर–हैदराबाद महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज कानावर येतोच. तो येऊ द्या, त्याला थोपवायला जाऊ नका. श्वास जसा चालला आहे तसाच चालू द्या. आजच्या मननाला मंत्र नाही, माळ नाही. मनापुढे ठेवायची आहे एक प्लास्टिकची बंदूक.

ही बंदूक तुमच्यापैकी अनेकांनी हाताळली असेल. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या खोक्यात ती मिळायची. दोन जॉयस्टिक, एक अडॅप्टर, लांबलचक वायरीची बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटच्या कागदावर शेकडो गेमचा आकडा छापलेला असायचा. आत मोजकेच गेम असायचे आणि तेच फिरून फिरून वेगळ्या नावाने यायचे. पण त्या मोजक्यांत दोन प्रकार हमखास असत. एक नेमबाजीचा: उडणारी बदकं, हवेत उसळणारे डबे, समोर येऊन ठाकणारा पिस्तूलवाला. दुसरा कोड्याचा: वरून पडणारे ठोकळे, जे फिरवून खाली नीट बसवायचे.

या दोन्हींचं मूळ एकाच वर्षातलं आहे. १९८४ साली जपानमध्ये निन्टेंडो कंपनीने ‘डक हंट’ हा बदकांचा गेम आणला. त्याच वर्षी मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्हने ‘टेट्रिस’ रचला. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. आपल्याकडच्या बहुतेक मशिन म्हणजे निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला, आणि त्या नकलांमध्ये जपानचं बदक आणि मॉस्कोचा ठोकळा एकाच घरात नांदायला आले. ही जोडी मला फार मोलाची वाटते. मनाला जे दोन धडे पुन्हा पुन्हा गिरवावे लागतात, ते नेमके या दोन खेळांत आहेत.

आता बंदूक हातात घ्या. मनातल्या मनात. वजन जवळजवळ नाहीच. दोन अर्ध्या भागांची शिवण तळहाताला लागते. चाप थोडा घट्ट आहे, अर्ध्यावर अडतो आणि मग ‘टक्’ करून सुटतो. नळीच्या तोंडातून आत पाहिलंत तर खोलवर एक छोटं भिंग दिसेल. टीव्हीवर गवत आहे, निळं आकाश आहे, गवतातून एक बदक फडफडत वर निघालं आहे. बदकावर रोखा आणि चाप ओढा.

या बंदुकीतून बाहेर काय पडलं?

उत्तराची घाई करू नका. दोन श्वास या प्रश्नाजवळच थांबा.

काहीच पडलं नाही. गोळी नाही, किरण नाही, उजेडाचा एक कणही नाही. या बंदुकीत सोडण्याजोगं काही नसतंच. नळीच्या आत उजेड ओळखणारा एक लहानसा भाग असतो, तेवढाच. चाप ओढला की वायरीतून मशिनला निरोप जातो. मशिन क्षणभर सगळा पडदा काळा करते. लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी फक्त एक पांढरा चौकोन उमटतो. तेवढ्या वेळात नळीला तो पांढरा उजेड दिसला, तर बदक पडतं. दिसला नाही, तर उडून जातं. पडद्यावर दोन बदकं असली तर दोन चौकोन पाठोपाठ दाखवले जातात, आणि उजेड कितव्या वेळी दिसला त्यावरून मशिन ओळखते की नेम कोणावर होता. टीव्हीवर सेकंदाला पन्नास-साठ चित्रं येतात, त्यांतल्या दोन-तीन चित्रांत हा सगळा व्यवहार उरकतो.

म्हणजे ज्याला आपण मारणं समजत होतो ते खरं तर पाहणं होतं. आपण बंदुकीने बदकाकडे काही धाडत नव्हतो, बदकाकडून येणारं घेत होतो.

यावर थोडं रेंगाळा. आपला हात पुढे झालेला आहे, बोट आवळलेलं आहे, दात किंचित दाबलेले आहेत. सगळं शरीर काहीतरी फेकण्याच्या बेतात आहे. आणि हातातली वस्तू मात्र शांतपणे समोरून येणाऱ्या उजेडाची वाट पाहते आहे. हात आणि हत्यार यांच्यातलं हे अंतर एकदा ध्यानात आलं की खांदे आपोआप सैल होतात. तुमचेही होऊ द्या.

सुरुवातीला हे असं नव्हतं. १९३६ साली अमेरिकेत सीबर्ग कंपनीने ‘रे-ओ-लाइट’ नावाचा बदक-नेमबाजीचा यांत्रिक खेळ काढला. त्यात बंदूक उजेड सोडायची आणि उजेड ओळखणारा भाग बदकात बसवलेला असायचा. निन्टेंडोनेही १९७० साली खेळण्यातली उजेडाची बंदूक आणली तेव्हा रीत तीच होती. सौर घटावर काम करणारे मासायुकी उएमुरा आणि खेळणी घडवणारे गुनपेई योकोई यांनी मिळून ती बनवली. सौर घट लक्ष्यात होता आणि बंदुकीतून उजेडाचा झोत निघायचा. टीव्हीशी सांगड घालायची वेळ आली तेव्हा दिशा उलटली. पडदा स्वतःच प्रकाशाचा असल्यामुळे आता लक्ष्याने उजेड द्यायचा आणि बंदुकीने तो घ्यायचा. तंत्राच्या सोयीसाठी झालेला हा बदल आहे, कुणी तत्त्वज्ञान म्हणून केलेला नाही. तरी मला त्यात मनाचीच वाट दिसते. आधी माणूस जगावर आपला झोत टाकत फिरतो. जग स्वतः उजळलेलं आहे हे कळायला त्याला वेळ लागतो.

पुन्हा त्या क्षणाकडे चला. पांढऱ्या चौकोनाच्या आधी पडदा काळा होतो. हा अंधार कशासाठी? समजा कुणी बंदूक टीव्हीकडे न रोखता ट्यूबलाइटकडे रोखली. नळीला सदा उजेडच दिसेल, आणि प्रत्येक वेळी बदक पडेल. म्हणून मशिन आधी अंधार दाखवते. आधी नळीला काळोख दिसला पाहिजे आणि मगच उजेड. दोन्ही ओळीने दिसले तरच नेम खरा.

तो अंधार खेळताना आपल्या लक्षातही येत नसे, पडदा लुकलुकल्यासारखं वाटे इतकंच. असाच अंधार या क्षणी तुमच्याही डोळ्यांपुढे येऊन जातो आहे. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो आणि प्रत्येक वेळी जग क्षणभर नाहीसं होतं. आता मुद्दाम एकदा पापणी मिटा, सावकाश, आणि मिटलेला तो क्षण पाहा. मग उघडा. समोरची पहिली वस्तू दिसेल: दाराची कडी असेल, तांब्या असेल, खुंटीवरची टोपी असेल. अंधारानंतर पहिल्यांदा दिसलेली म्हणून तिच्याकडे पाहा. पुन्हा मिटा. पुन्हा उघडा. असं थोडा वेळ करत राहा, मोजू नका.

माळ्यावर ठेवलेली बंदूक आज नव्या सपाट टीव्हीला जोडली तर ती एकही बदक पाडणार नाही. ती बिघडलेली नाही. जुन्या काचेच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत वरून खाली एकेक रेघ ओढत त्या त्या क्षणी चित्र उमटवायचा. नव्या पडद्यावर चित्र यायला किंचित उशीर होतो. बंदूक ठरल्या क्षणी डोळा उघडून पाहते आणि चौकोन अजून आलेला नसतो. उजेड येतो, पण पाहणाऱ्याने डोळा मिटल्यावर.

बंदुकीची गोष्ट इथे यात्रेशिवाय पुरी होत नाही. अणदूरचा खंडोबा आणि नळदुर्गाजवळच्या मैलारपूरचा खंडोबा हा एकच देव. मूर्ती एक आणि ठाणी दोन. पौष पौर्णिमेला मैलारपूरची यात्रा भरते, भंडाऱ्याने माणसं पिवळी होतात, वारू नाचवले जातात. आणि अशा कुठल्याही यात्रेत, पाळण्यांच्या आणि मेवामिठाईच्या दुकानांच्या मधे, फुग्यांचा फळा असतोच. आडव्या-उभ्या रांगांत बांधलेले लाल, पिवळे, हिरवे फुगे. फळीवर दोन-तीन छर्ऱ्यांच्या बंदुका. दुकानदार नळी मोडून छर्रा भरतो, पुन्हा सरळ करतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात देतो. पहिले दोन नेम चुकले की जाणता दुकानदार हमखास सांगतो, “दादा, फुग्याकडं नका बघू. माशीवर डोळा ठेवा.”

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो उंचवटा. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरचं नीट दिसतं. फुगा स्पष्ट पाहायला गेलं की माशी पुसट होते आणि नळी कुठे हलली ते कळत नाही. माशी स्पष्ट ठेवली की फुगा पुसट होतो, पण छर्रा लागतो. जे मिळवायचं आहे ते थोडं धूसर होऊ द्यायचं आणि जे आपल्या हातात आहे ते स्वच्छ पाहायचं. आता तुमच्या मनात जे एखादं लक्ष्य आहे, मुलीचं लग्न असेल, विहिरीचं पाणी असेल, परीक्षेचा निकाल असेल, ते समोर ठेवा. ते पुसट झालं तर होऊ द्या. त्याच्या अलीकडे, हाताच्या अंतरावर, आज करायचं जे काम आहे त्यावर डोळा आणा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं. १९५२ साली खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक आणायला ७२ वर्षं लागली. त्या स्पर्धेतलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, आणि ते पन्नास मीटरवर. अशा पातळीचे नेमबाज सरावाचा मोठा भाग गोळी न भरताच करतात. रायफल खांद्याला लावायची, गुडघ्यावर, पोटावर, उभ्याने. श्वास अर्धा सोडून थांबायचं, माशी स्थिर होऊ द्यायची, चाप ओढायचा. गोळी सुटत नाही, धक्का बसत नाही. चाप सुटताना नळी हलली का, एवढंच पाहायचं. गोळी नसली की मनाला निकालाची ओढ राहत नाही, आणि हाताचा खरा कंप दिसायला लागतो. घरातल्या रिकाम्या बंदुकीने पोरं टीव्हीपुढे बसून जे करत होती, त्याच्याशी या सरावाचं नातं फार जवळचं आहे असं मला मनापासून वाटतं.

आता बदकाकडे वळू. त्याला टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

पडद्यावरचं बदक नेम लागताच क्षणभर हवेत थबकायचं आणि सरळ खाली पडायचं. गवतातून कुत्रा त्याला मानेला धरून वर दाखवायचा. नेम चुकला की तोच कुत्रा तोंडावर पंजा धरून हसायचा. त्या हसण्याने किती पोरांचा तिळपापड झाला असेल! घरच्या गेममध्ये त्या कुत्र्यावर कितीही नेम धरा, त्याला काही होत नसे. त्या हसण्याजवळ थोडं बसा. कुणी तुमच्या चुकीवर हसलं असेल तर ते आठवा. हसणारा गेला, हसणं मात्र अजून कानात असेल. त्याच्यावर बंदूक रोखून काही होत नाही. पुढचं बदक आकाशात निघालेलं आहे.

आणि आपल्या तळ्यांवरचं खरं बदक? हळदी-कुंकू बदक कधी जवळून पाहिलं आहे का? काळी चोच, चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं, आणि चोच जिथे कपाळाला मिळते तिथे कुंकवासारखे दोन लाल ठिपके. पाणी असलं की वर्षभर आपल्याकडेच राहणारा पक्षी. पाण्यावर जोडीने असतो, माणसाची चाहूल लागली की उडतो. त्याच्याकडे पाहायला रिकामी बंदूक पुरते, किंबहुना नुसता डोळा पुरतो. आता डोळे मिटून ते बदक पाण्यावर उतरू द्या. पाण्यावरची वलयं काठापर्यंत येऊ द्या. त्याला पडायचं नाही. ते तिथेच असू द्या.

आता दुसरा खेळ. बंदूक बाजूला ठेवा.

पाजित्नोव्हला लहानपणापासून कोड्यांचा नाद होता. पाच-पाच चौकोनांचे बारा तुकडे एका पेटीत बसवायचे, असं एक जुनं कोडं आहे, पेंटोमिनो. त्यावरून त्याला हा खेळ सुचला. पाचाऐवजी त्याने चारच चौकोन घेतले. चार चौकोन जोडून एकूण सात आकार होतात: उभी दांडी, चौरस, टी, दोन हातांचे कोन, दोन वाकडे. ज्या इलेक्ट्रोनिका-६० संगणकावर त्याने खेळ लिहिला त्याला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या खुणांनी बनवले होते. पुढे तो जगभर गेला. आपल्याकडे टीव्हीवर आलाच, पण त्याहून जास्त आला तो बॅटरीवर चालणाऱ्या ब्रिक गेममधून. यात्रेत, एसटी स्टँडवर, शहरातल्या फुटपाथवर मिळणारा, करड्या पडद्याचा, हातात मावणारा डबा.

डोळ्यांपुढे ती चौकट आणा. दहा खाने रुंद, वीस खाने उंच. वरून एक आकार सावकाश येतो आहे. तुम्ही तो निवडलेला नाही. पुढचा कोणता येणार तेही तुमच्या हाती नाही. तुमच्या हाती इतकंच आहे: त्याला फिरवणं, डावी-उजवीकडे नेणं, आणि जागा देणं. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. जे नीट बसलं ते पडद्यावरून जातं, आणि नजरेसमोर उरतात ती फक्त आपण सोडलेली भोकं. म्हणून या खेळात माणसाला आपण काय नीट केलं ते दिसत नाही, कुठे चुकलो तेवढंच रचलेलं दिसतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसाचा हिशेब मन असाच मांडतं. आज दिवसभरात नीट बसलेल्या ओळी आठवा. वेळेवर धार काढली, आईला औषध दिलं, कुणाला हिशेब चुकता केला. त्या नाहीशा झाल्या म्हणून त्या नव्हत्या असं नाही. एकेक आठवा. घाई नको.

चांगला खेळणारा एका कडेला एक उभी जागा मोकळी ठेवतो. बाकी सगळं भरत आणतो आणि ती चिंचोळी फट मात्र राखून ठेवतो, उभ्या दांडीसाठी. दांडी आली आणि त्या फटीत उतरली की चार ओळी एका दमात जातात. ती येईपर्यंत मोह होतो. हातात आलेला दुसराच एखादा तुकडा तिथे खुपसावा, निदान फट तरी दिसणार नाही, असं वाटतं. आपणही घरात, मनात, नात्यांत अशा फटी भसाभस बुजवून टाकतो. रिकामं दिसायला नको म्हणून.

अणदूरकरांना रिकाम्या जागेचं सांगावं लागत नाही. इथला देव वर्षातले दहाएक महिने अणदूरला असतो आणि उरलेला काळ मैलारपूरला. देव न्यायचा कधी, आणायचा कधी, याची रीत ठरलेली आहे, मानकरी ठरलेले आहेत, आणि दोन्ही गावं ती पाळत आली आहेत. देव गेला म्हणून कुणी त्या जागी दुसरी मूर्ती आणून बसवत नाही. देव परत येणार आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून मूर्ती नसण्याचे दिवसही देवाचेच दिवस असतात. तुमच्या मनात अशी एखादी जागा असेल, गेलेल्या माणसाची, पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाची, न आलेल्या पावसाची. तिच्याकडे जा. तिथे काही ठेवू नका. फक्त कडेला बसा, जसे बसलेले आहात तसेच.

या खेळाची एक गंमत संशोधकांनी टिपली आहे. रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना दिवसचे दिवस टेट्रिस खेळायला लावलं. झोप लागता लागता बऱ्याच जणांना पडणारे ठोकळे दिसले. त्यांत स्मृती गमावलेले काही रुग्णही होते. आपण हा खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी डोळे मिटल्यावर आकार खाली येत होते आणि फिरत होते. म्हणजे दिवसभर आपण लक्ष कुठे ठेवलं, हे आपण विसरलो तरी आत कुठेतरी राहतं. आज रात्री उशीवर डोकं टेकलं की पहिल्यांदा डोळ्यांपुढे काय येतं ते पाहा. त्याला नावं ठेवू नका, हाकलू नका.

शेवटी हार-जितीचं. हे दोन्ही खेळ जिंकता येत नाहीत. डक हंटच्या ९९ फेऱ्या पार केल्या तर पुढची फेरी शून्याची येते, तिथे खेळाचं ताळतंत्र सुटतं आणि डाव संपतो. टेट्रिसबद्दल गणिताने तर सिद्धच केलं आहे: १९९७ साली हाइडी बर्जिएल यांनी दाखवून दिलं की दोन वाकडे आकार आळीपाळीने पुरेशा वेळा आले तर कितीही कुशल खेळणारा हरतोच. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या विलिस गिब्सन या तेरा वर्षांच्या मुलाने निन्टेंडोच्या टेट्रिसमध्ये १५७ वी पातळी गाठली आणि तिथे खेळच गोठला. त्याच्याआधी कुठल्याही माणसाने तो खेळ तिथवर नेला नव्हता. एके काळी २९ वी पातळी ही माणसाच्या हाताची सीमा समजली जायची. मुलगा हरला नाही. मशिनला पुढे जमेना.

आता पाय मोकळे करा. घरात जुना ब्रिक गेम असेल, किंवा मोबाइलवर ठोकळ्यांचा खेळ असेल, तर एकच डाव खेळा. कडेची फट राखून ठेवा. दांडी लवकर आली नाही आणि थर वर चढत गेले, तरी अंगठा घाईला येऊ देऊ नका; एकेक आकार पाहा, फिरवा, बसवा. डाव संपला की लगेच दुसरा लावू नका. शेजारी पोरं उभी असतीलच, त्यांच्या हातात द्या, आणि ती खेळत असताना मधे बोलू नका.